मालक होण्याचं भय

कृष्णनाथ गवसला "गाडी विकत घेतोस का?" असं गोकुळदासबाबांनी विचारलं ते शहाऐंशी सालच्या जूनमध्ये, आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं.

कारापुरात आमची दोन घरं एकाच अंगणाला लागून होती. मी प्राथमिक शाळेत शिकवायचो, तो लोखंडाच्या खाणीवर टिपर चालवायचा. त्याची बायको वत्सला माझ्या बायकोपाशी येऊन सांगायची, "वहिनी, ताटात भात तसोच रवता. विचारलंय तर म्हणतत, पोटात जागा नाय."

खरं तर सगळ्यांना वाटत होतं, त्याचं नशीब उघडलं. तो मूळचा दोडामार्गाकडचा. विसाव्या वर्षी गोव्यात आला, खाणीवर आधी टोपल्यांनी माल भरला, मग लायसन काढलं आणि डिचोलीच्या गोकुळदासबाबांच्या गाडीवर बसला. त्या एकाच गाडीवर त्याची अकरा वर्षं गेली. बाबांच्या चार गाड्या होत्या. आता त्यांचं वय झालं होतं, मुलांना या धंद्यात रस नव्हता, म्हणून त्यांनी सगळं मोडायचं ठरवलं. तीन गाड्या साखळी गावच्या एका माणसानं घेतल्या. चौथी त्यांनी अडवून ठेवली.

"कृष्णा, ही तुझ्या हातची गाडी आहे," ते म्हणाले. "तुला विचारल्याशिवाय दुसऱ्याला देणार नाही. अर्धे पैसे आता दे, अर्धे खेपांतून फेड. गणेशचवथीपर्यंत विचार कर."

बाबांनी त्यालाच विचारावं याला कारण होतं. कृष्णनाथसारखा सांभाळून गाडी हाकणारा ड्रायव्हर त्या वाटेवर दुसरा नव्हता. खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत बाकीचे दिवसाला दहा-दहा, बारा-बारा खेपा मारायचे, हा सात. चहाच्या गाड्यावर पोरं त्याला 'बैलगाडीवालो' म्हणून चिडवायची. तो हसायचा आणि पाव चहात बुडवून खात राहायचा. आम्ही समजायचो, स्वभावच शांत आहे.

पावसात खाणी बंद असतात. जुलैच्या एका दुपारी मी शाळेतून येताना बाबांच्या शेडपाशी थांबलो. पाऊस धो धो पडत होता. शेडमध्ये ती गाडी चाकं काढून लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी केलेली. आणि कृष्णनाथ आत, स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला. त्याचा उजवा पाय ब्रेकवर होता. दाबायचा, सोडायचा. परत दाबायचा.

"अरे, चाकं नाहीत गाडीला," मी म्हणालो.

तो दचकला. मग खाली उतरला आणि ठोकळ्यावर बसला. बराच वेळ हातातलं फडकं पिळत राहिला.

"गुरुजी, माका गाडयेचो भ्या वाटता," तो म्हणाला. "आजचो नाय. चार वर्सां झाली. रोज सकाळी चावी फिरवताना हात कापतत. तुमी सगळे म्हणतास कृष्णनाथ सांभाळून चालयता. मी सांभाळनंय नाय हो. मी भितंय."

आणि त्यानं मला ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगितली. अपघात झाला होता एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. वत्सलालाही नाही.

खाणीवरून येणाऱ्या वाटेवर एक लांब उतार आहे. तिथले लोक त्याला आवळीची देंवती म्हणतात. एका अंगाला तांबड्या चिऱ्याचा कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला खाली काजूची बाग, आणि शेवटच्या वळणावर रस्त्याला टेकून एक घर. त्या शनिवारी सकाळी कृष्णनाथनं मालकाला सांगितलं होतं, ब्रेकचा पेडल खाली जातोय. बंदरात बोट लागली होती, धक्क्यावर बार्ज वाट बघत होते. बाबा म्हणाले, "आजचा दिवस काढ, सोमवारी उघडू." त्यानं काढला. पहिली खेप गेली, दुसरी गेली. तिसऱ्या खेपेला देंवतीच्या मध्यावर त्यानं पाय दाबला आणि पेडल फळीला जाऊन टेकला. खालचा गिअर टाकायला गेला, तो पडेना. दहा टन माल पाठीमागून ढकलत होता. त्यानं गाडी कड्याला घासत नेली, मडगार्ड फाटलं, ठिणग्या उडाल्या, वेग थोडा मेला. पण वळणावर गाडी त्या घराच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढली आणि तिरकी होऊन थांबली. मागची फळी उघडली. गडग्याचे चिरे आणि गाडीतला माल अंगणात कोसळला.

अंगणात सत्यवती नावाची बाई कुळीथ झोडत होती. तिचा डावा पाय त्याखाली सापडला. पणजीच्या इस्पितळात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

"पोलिसांनी विचारलां, ब्रेक कदी गेलो?" कृष्णनाथ म्हणाला. "बाब बाजूक उभे होते. मी सांगलंय, अचानक गेलो. खाली सही केलंय. तिका विम्याचे पैशे मिळाले, बाबांनीय दिले. केस मिटली. पण माका सकाळपासून ठावक होता, गुरुजी. सकाळपासून."

"तुझा काय इलाज होता? मालकानं सांगितलं—"

"होय. तोच तर आधार होतो," तो पटकन म्हणाला. "मालकान सांगल्यान. चार वर्सां ह्याच एका वाक्यावर मी झोपतंय. आता मालक मीच झालंय तर? बोट लागली, हप्तो इलो, पेडल खाली गेलो, तर माका नको म्हणणारो कोण? बाब वायट माणूस नाय. तरी तेंच्या तोंडातसून तां इलाच ना? माझ्या तोंडातसून येवचा नाय कशावरून?"

"भिऊ नकोस," असं काहीतरी मी बोललो. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या आठवड्यात त्यानं वत्सलाला सगळं सांगितलं. भिंतीपलीकडून आम्हाला आवाज आला नाही; आवाज येईल असं ती बोललीच नाही. दोन दिवस तिनं चुलीवर केलं, वाढलं, भांडी घासली, पण नवऱ्याकडे तोंड करून शब्द काढला नाही. तिला मोह नव्हता असं नाही. पार्श्याहून तिचे वडील काजूच्या बियांचे पैसे द्यायला तयार होते आणि गाडीच्या काचेवर कुठल्या देवाचं नाव घालायचं हेही तिनं मनात ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली. हातात पिशवी. पिशवीत परसातली दोन तवशी, म्हणजे काकड्या.

"आयकलांत? कपडे करा," ती म्हणाली. "तिच्याकडे जावया."

"कोणाकडे?" त्यानं विचारलं. त्याला कळलं होतं तरी विचारलं.

चार वर्षं त्यानं ती देंवती रोज उतरली होती, पण त्या घराकडे मान वळवून एकदाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दोघं बसनं गेली आणि उरलेला रस्ता चालत. वत्सला नंतर सांगायची, वळण दिसू लागलं तसा तो मागे मागे राहू लागला. एकदा चप्पल नीट करायला म्हणून बसला तो उठेचना. तिनं दंडाला धरून उठवला.

सत्यवती ओसरीवर, खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसली होती. पन्नाशीची, सुकलेली, केस पांढरे. कुबडी भिंतीला लावलेली. दोघांना फाटकात बघून तिनं डोळे बारीक केले.

"इलंस?" ती म्हणाली. "चार वर्सां लागली तुका."

कृष्णनाथ अंगणातच थांबला. "मावशे, तू माका वळखतंस?"

"थोबाड नाय. गाडी वळखतंय. मी दिसभर ह्या जनेलाकडे बसतंय, दुसरो माका काय धंदो? सगळ्यो गाडयो धडधडत खाली येतत. एकच गाडी वयल्यानच दुसऱ्या गिअरात येता, रडत रडत. माका वाटलांच, तो हो. आनी असो मान खाली घालून फाटकात दुसरो कोण रवतलो?"

वत्सलानं पिशवी पायरीवर ठेवली. कृष्णनाथ उभाच होता. मग खाली बघत तो एका दमात बोलून गेला: ब्रेक अचानक गेला नव्हता, सकाळीच कळलं होतं, मालकाला सांगितलं होतं, आणि तरी गाडी बाहेर काढली.

हे सत्यवतीला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा बदलला.

"सकाळीच कळल्लां तुका?"

"होय."

"आनी तरी तीन खेपो मारलंस?"

"होय, मावशे."

तिनं तोंड फिरवलं. घरातून कुणीतरी डोकावून गेलं. वत्सलाला हुंदका फुटला तशी सत्यवती तिच्याकडे वळून म्हणाली, "तू कित्याक रडतंस? पाय माझो गेलो."

कृष्णनाथला वाटलं, आता ही कुबडी उचलून मारील, आणि मारली तर बरं होईल. पण ती तशीच बसून राहिली. शेवटी त्यानं गाडीचंही सांगितलं. मालक विकतोय, मला घे म्हणतोय, आणि मला भय वाटतं.

"मगे हय कशाक इलंस? माफी मागूक काय परवानगी?"

"माका ठावक नाय."

"दोनय माझ्याकडे नाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, जरा वेगळ्या आवाजात तिनं विचारलं, "तू घेतलंस नाय तर गाडी कोण घेतलो?"

"साखळीचो एक आसा. बाकीच्यो तीन तेनीच घेतल्यान."

"तो कसो?"

"तेच्यो गाडयो बारा खेपो मारतत."

"ह्याच वाटेन?"

"ह्याच वाटेन."

सत्यवतीनं मान हलवली, आणि समोरच्या वळणाकडे बघत राहिली. दोघं निघाली तेव्हा तिनं पिशवीकडे बोट दाखवलं. "ती तवशी थंय कोनशाक दवर. हय पायात येतली."

चवथीच्या आदल्या दिवशी तो डिचोलीला गेला आणि गोकुळदासबाबांना हो म्हणून आला. एकच मागणं केलं: चारी चाकांच्या ब्रेकचं लायनिंग नवं घालून द्या. बाबांनी दिलं. घरी येऊन तो अंगणात ओकला. वत्सला माझ्या बायकोला म्हणाली, "लग्नाच्या दिसाकय हे असेच ओकले होते." आम्ही हसलो. तो हसला नाही.

ऑक्टोबरात खाणी सुरू झाल्या. पहिले दोन महिने बरे गेले. तो सातच खेपा मारायचा, पण आता त्या त्याच्या होत्या. डिसेंबरात भाषेचं आंदोलन पेटलं. कोकणी की मराठी, यावरून माणसं माणसांना ओळखेनाशी झाली. रस्त्यावर झाडं तोडून आडवी घातली, दगड रचले. खाणीची वाट बंद. गाडी दिवसचे दिवस उभी. एकदा रिकामी गाडी घरी आणताना त्याला पाचपन्नास जणांनी अडवलं. एकजण पायरीवर चढला आणि काचेतून विचारलं, "तू खंयच्या पक्षाचो? कोकणी काय मराठी?"

समोरचा जमाव कुठल्या बाजूचा आहे हेच कृष्णनाथला कळेना. घरी तो बोलायचा ती भाषा दोन्हींच्या मधली. "माझी गाडी रिती आसा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ती माणसं एकमेकांकडे बघून हसली आणि त्याला मागे फिरू दिलं. घरी आल्यावर त्यानं दाराला आतून कडी घातली आणि दोन दिवस बाहेर पडला नाही. आपण इथले की बाहेरचे, हा प्रश्न पंधरा वर्षांत त्याला पडला नव्हता. मालक झाल्यावर तोही पडला.

त्या दिवसांतल्या खेपा बुडाल्या त्या बुडाल्याच. जानेवारीत वाट मोकळी झाली तशी धक्क्यावर झुंबड उडाली. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी त्यानं गाडी चालू केली, ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लागला.

तो तसाच डिचोलीला बाबुराव फिटरकडे गेला. बाबुरावनं खाली सरपटून पाहिलं. "मागच्या चाकाचो सिलिंडर गळता. माझ्याकडे नसा. म्हापशाहून हाडूक होयो. सोमवार उजाडतलो."

दुसऱ्या दिवशी गोकुळदासबाबांचा हप्ता होता. आधीचा एक थकला होता. समोरच्या रस्त्यानं भरलेल्या गाड्या एकामागून एक जात होत्या.

"अजून लागता थोडो," कृष्णनाथ म्हणाला. "दोन खेपो मारून हाडतंय, मगे ठेवतंय तुझ्याकडे."

बाबुरावनं हात पुसत मान डोलावली. त्याला त्यात वावगं काही दिसलं नाही. रोज शंभर ड्रायव्हर असंच बोलत.

कृष्णनाथ खाणीवर गेला, रांगेत लागला, माल भरून घेतला. तोपर्यंत त्याच्या डोक्यात फक्त हप्ता होता. देंवतीच्या टोकावर आला, समोर उतार उघडा झाला, आणि तेव्हा त्याला कळलं की आपण काय बोललो आणि काय करतोय. मागे भरलेल्या गाड्यांची रांग. वळवायला जागा नाही. थांबलं तर गाडी धरेल की नाही याचा भरवसा नाही.

त्यानं पहिला गिअर टाकला आणि गाडी सोडली. इंजिन किंचाळत होतं. त्यानं पाय दाबला. पेडल अर्ध्यावर गेला, मग आणखी खाली. दोनदा-तीनदा भराभर दाबला की थोडा वर यायचा, पुन्हा बसायचा. पाठीमागची गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती. त्याचा सदरा पाठीला चिकटला. तो मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत होता की शिव्या देत होता, हे त्यालाही नंतर आठवलं नाही. वळण आलं. घर आलं. खिडकीत पांढऱ्या केसांचं डोकं होतं. ती बघत होती. कदाचित तिला नेहमीचाच आवाज वाटला असेल. कदाचित पहिल्या गिअरचा आवाज ऐकून तिला कळलंही असेल. कृष्णनाथनं हे तिला कधी विचारलं नाही.

काही झालं नाही. गाडी वळण घेऊन खाली सपाटीला आली, हळूहळू थांबली. त्यानं हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. आणि त्याला उतरता येईना. मागचा ड्रायव्हर शिव्या देत धावत आला आणि याचं तोंड बघून गप्प झाला. त्यानंच चाकांखाली चिरे लावले आणि कृष्णनाथला काखेत धरून खाली घेतलं.

भरलेली गाडी चार दिवस तिथंच उभी राहिली. त्याच दुपारी कृष्णनाथ चालत डिचोलीला गोकुळदासबाबांकडे गेला. बाबा दुकानाच्या मेजापाशी बसले होते.

"बाब, हप्तो मिळूचो नाय. गाडी उभी केलंय. ब्रेक नाय."

"अरे, अगदीच नाहीत का? नदीवर एवढा माल पडलाय—"

"बाब," कृष्णनाथ म्हणाला. "ब्याऐंशी साली मी तुमका सकाळी सांगलेलंय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कृष्णनाथकडे. पाच वर्षांत त्या दोघांनी हा विषय काढला नव्हता.

"होय," बाबा अखेर म्हणाले. "सांगितलं होतंस." त्यांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. "हप्ता पुढच्या महिन्यात दे. दोन्ही मिळून दे, नाहीतर एकेक दे. जा आता."

गाडी दुरुस्त झाल्यावर कृष्णनाथनं एक नेम धरला. दर रविवारी चारी चाकं उघडायची, स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात: एक खाली नट सोडायला, एक वर पेडल दाबायला. वत्सला लुगड्याचा काचा मारून वर चढायची. खालून तो ओरडायचा, "दाब!... धरून ठेव!... सोड!" आणि ती वरून म्हणायची, "अजून बसता हो पेडल! परत करा." रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. ड्रायव्हरची बायको गाडीत बसून ब्रेक मारते, हे कारापुरात कुणी पाहिलं नव्हतं. पेडल तिच्या पायाला पटेपर्यंत ती खाली उतरायची नाही. सोमवारी ती म्हणाली 'नको', तर गाडी जायची नाही. असं दोनदा-तीनदा झालं. भांडणंही झाली.

मे महिन्यात गोवा राज्य झालं. शाळेत आम्ही पेढे वाटले. तेव्हा त्याचे चार हप्ते थकलेले होते. ते फिटायला पुढचे दोन हंगाम लागले. बाकीच्या मालकांनी दुसरी गाडी घेतली, तिसरी घेतली, बंगले बांधले. त्यानं दुसरी घेतली नाही. "एकाच गाडयेचो भ्या पुरे," म्हणायचा. सत्यवती त्र्याण्णव साली वारली. तो तिच्या मयताला गेला, पण अंगणात शिरला नाही. थांबलेल्या गाड्यांच्या ओळीत रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि प्रेत नेईपर्यंत तिथंच होता. तिनं त्याला माफ केलं होतं का, हे मला ठाऊक नाही. त्यालाही नसावं.

अठ्ठ्याण्णव साली गाडी फार जुनी झाली. दोघा ड्रायव्हरांनी चांगली किंमत सांगितली होती. त्यानं ती त्यांना दिली नाही. निम्म्या पैशांत भंगारवाल्याला दिली आणि तोडताना समोर उभा राहिला. वत्सला आठ दिवस रागावली होती. मग दोघं पार्श्याला तिच्या वडिलांच्या बागेवर राहायला गेली. माड, काजू, थोडी मिरची.

मी गेल्या वर्षी जाऊन आलो. तो आता सायकल वापरतो. बाजारातून येताना वाटेत एक लहानसा चढउतार लागतो. पोरं त्यावरून हात सोडून सायकली सोडतात. कृष्णनाथ वरच उतरतो आणि सायकल हातात धरून चालत खाली येतो. मला बघून तो थोडा ओशाळला, आणि म्हणाला, "चला गुरुजी, वत्सलान भाकरी टाकल्यान आसतली."